चार गिगाहर्ट्झ आणि पंचावन्न सेकंदं

इदलीना बोर्जेसला चिपच्या धंद्यात आणलं ते जर्दाळूंनी. सॅन होजेच्या पूर्वेला ॲझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या मुली शाळा संपली की फळं डब्यात भरायच्या कारखान्यात जायच्या, तशी तीही गेली. डबे वाफेच्या भट्टीतून बाहेर आले की आतलं फळ नीट शिजलंय की नाही, हे डबा न उघडता ओळखायचं काम तिच्याकडे होतं. तीन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं, भोवतालच्या जर्दाळूच्या बागा कापून तिथे गाड्या लावायची मैदानं झाली, आणि अशाच एका मैदानाच्या मधोमध हॅलवर्ड मायक्रो नावाची चिपा बनवणारी कंपनी उभी राहिली. मुलाखतीत तिला विचारलं, उष्णतेतलं काय कळतं? तिने सांगितलं, तीन वर्षं भट्टीवर होते, एकही डबा फुटला नाही. तेवढ्यावर नोकरी मिळाली. हे एकोणीसशे एकोणऐंशी साल. पदवी विचारायला तेव्हा त्या कंपनीत कुणाला फुरसत नव्हती.

तिच्या खोलीला सगळे तापघर म्हणत. चार नंबरची इमारत, तळमजला, खिडकी नाही. नवी चिप आली की तिच्या पाठीवर केसाएवढी बारीक तार चिकटवायची, चिपेला कामाला जुंपायचं, आणि ती किती वीज खाते, किती तापते ते वहीत लिहायचं. लीना (इदलीना एवढं लांब नाव उच्चारायला अमेरिकेत कुणाला वेळ नसतो) पेन्सिलीने लिहायची, तारीख-वेळ घालून, आणि खाडाखोड झालीच तर खोडलेला आकडाही वाचता येईल अशा बेताने.

सुरुवातीच्या चिपा गरीब स्वभावाच्या होत्या. बोट ठेवलं तर कोमट लागायच्या. मग त्यांच्या डोक्यावर काडेपेटीएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा आला. त्यावर पंखा आला. पंखा मोठा झाला. मग तांब्याचा किलोभर वजनाचा ठोकळा आला, आणि तो पेलवेना म्हणून चिप जिच्यावर बसते त्या पाटीला पोलादी आधार आला. दोन हजार तीनच्या सुमारास संगणकाचा खोका उघडला, तर आत संगणक शोधावा लागे. आणि यातल्या प्रत्येक पायरीवर कंपनीत केक कापला गेला. एक गिगाहर्ट्झला एकच्या आकड्याचा, दोनला दोनच्या, तीनला तीनच्या. केक वरच्या मजल्यावर कापला जाई. तापघरात त्याचा तुकडा पोचेपर्यंत आकड्याचं शेपूट तेवढं उरलेलं असे.

हा गिगाहर्ट्झ म्हणजे काय, ते लीनाने आपल्या नवऱ्याला एकदाच समजावून दिलं होतं आणि त्याला तेवढ्यात समजलं होतं. चिपेच्या आत एक ठोका असतो. प्रत्येक ठोक्याला लाखो बटणं उघडमीट करतात. एका सेकंदाला एक अब्ज ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. प्रत्येक उघडमिटीला चिमूटभर वीज लागते, आणि तिची शेवटी उष्णताच होते. दुसरीकडे जायला तिला जागा नाही. म्हणजे ठोके दुप्पट केले तर उष्णता दुप्पट, इथवर हिशेब सरळ आहे. पण बटणांना घाई करायला लावायची तर विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाबाचा भुर्दंड वर्गाने बसतो: दाब दुप्पट, तर उष्णता चौपट. ठोका आणि दाब दोन्ही पावपटीने वाढवले, की उष्णता जवळजवळ दुप्पट होते. वर आणखी एक खोड अशी की चिप तापली की तिच्यातून वीज उगाच झिरपू लागते, झिरपली की ती आणखी तापते.

"म्हणजे पाव आणा पळायचं आणि रुपयाभर धापा टाकायच्या," अशा अर्थाचं तिचा नवरा अमारो आपल्या भाषेत म्हणाला होता. अमारो दूधडेऱ्यांची शीतयंत्रं दुरुस्त करायचा. उष्णता हटवणं किती महाग पडतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

ग्रेडन व्हिटलॉकला मात्र शिकवायला हवं होतं, पण तो विक्रीविभागाचा उपाध्यक्ष होता आणि शिकण्याच्या वयाच्या बराच वर गेला होता. हॅलवर्डमध्ये येण्यापूर्वी तो धावण्याचे बूट विकायचा. वेग विकावा लागतो, बाकी सगळं त्याच्यामागून येतं, हे त्याचं तत्त्वज्ञान तिथूनच आलेलं. दोन हजार तीनमध्ये त्याने एकशे एक नंबरच्या महामार्गावर एक प्रचंड फलक लावला. त्यावर लाल रंगात नुसता चारचा आकडा, आणि खाली "मे २००४". चार गिगाहर्ट्झची चिप तेव्हा अस्तित्वात नव्हती. आराखडा करणाऱ्या इंजिनिअरांना ती आपण बनवत आहोत हे त्या फलकावरूनच कळलं. त्यांतले दोघे कामावर येताना गाडी कडेला घेऊन फलकाकडे बघत उभे होते, असं कुणीतरी सांगितलं.

चिप आली ती फेब्रुवारीत. लीनाने तार चिकटवली, पंखा लावला, कामाला जुंपलं. बाजारात चालू असलेली कंपनीची तीन पॉइंट दोनची चिप ऐंशी वॅट घ्यायची. ही चारची चिप एकशे पंचावन्न. घरोघरच्या साध्या खोक्यातला पंखा आणि ठोकळा मिळून शंभर वॅटच्या वर काही बाहेर काढू शकत नव्हते. नव्वदाव्या सेकंदाला चिपेने स्वतःलाच लगाम घातला. तिच्यात तशी सोयच होती: जळायची वेळ आली की ती ठोके गिळू लागे, चार द्यायचे तर दोनच देई, जरा निवली की पुन्हा चार, पुन्हा तापली की पुन्हा दोन. घड्याळ लावून लीनाने पाहिलं. सरासरी काढली तर चारची चिप अडीच-पावणेतीनच्या गतीने चालली होती. तेच काम जुन्या चिपेला दिलं, तर जुनी चिप सात सेकंद आधी मोकळी झाली.

तिने ते तीनदा करून पाहिलं. मग वहीत लिहिलं, आणि वही घेऊन विन दुओंगच्या खोलीत गेली.

विन हा तापघराचा प्रमुख. उष्णतेच्या शास्त्रात डॉक्टर झालेला, अडतीस वर्षांचा, सायगॉनहून लहानपणी बोटीतून आलेला. लीना त्याच्यापेक्षा मोठी, म्हणून तो तिला व्हिएतनामी रीतीने "ची लीना" म्हणायचा. आपण लीनाताई म्हणू त्यातला प्रकार. माणूस हुशार होता आणि सज्जन होता, पण वरच्या मजल्याची लिफ्ट चढताना दर मजल्याला त्याचा आवाज एकेक पायरी खाली उतरायचा.

त्याने आकडे दोनदा वाचले. "ची लीना, हे बरोबर आहे?"

"वहीत आहे म्हणजे बरोबर आहे."

"हो, ते आहेच," तो म्हणाला, आणि वही मिटून तिला परत दिली.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. विनने आकडे दाखवले, पण इतक्या हळू आणि इतक्या "कदाचित"मध्ये गुंडाळून, की ऐकणाऱ्याला चिप जरा ऊबदार आहे एवढंच वाटावं. व्हिटलॉकला त्यातला एकच शब्द खटकला. उष्णता हा शब्द ग्राहकाच्या मनात भीती घालतो, असं त्याचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं: यापुढे कोणत्याही कागदावर 'उष्णता' लिहायचं नाही, 'कामगिरीची ऊर्जा' लिहायचं. तापघराच्या दारावरची पाटीही बदलली. लीनाच्या वहीत मात्र डिग्रीच्या खुणा तशाच राहिल्या, कारण वही वाचायला कोणी येत नव्हतं.

चिप नव्वद सेकंदांनी मंदावते, हे व्हिटलॉकला उशिरा का होईना समजलं, आणि समजल्यावर त्याने आठ दिवसांत तोड काढली. लोकांना दाखवताना तिला गार ठेवायचं. मेच्या एकोणीस तारखेला कंपनीच्याच सभागृहात समारंभ ठरला होता. तीनशे पत्रकार आणि खोके बनवणारे व्यापारी येणार होते. रंगमंचावर दोन संगणक शेजारीशेजारी ठेवायचे, डावीकडे जुना तीन पॉइंट दोनचा, उजवीकडे नवा चारचा. दोघांना एकच काम: चित्त्याचं एक चित्र, अंगावरच्या केसान् केसासकट, गणित करून रंगवायचं. जुन्याला चार मिनिटं लागत. नवा गार राहिला तर तीन मिनिटं बारा सेकंदांत मोकळा. नव्या संगणकाच्या मागून पडद्याआड पाण्याच्या दोन नळ्या जातील, आणि पडद्याआड एक शीतयंत्र असेल. हे शीतयंत्र भाड्याने आणायचं, तर त्या कंपनीने तीन आठवडे मागितले. मग कुणीतरी सुचवलं की तापघरातल्या बाईच्या नवऱ्याकडे अशी यंत्रं असतात.

अमारोने मोडेस्टोजवळच्या एका डेरीतून दूध गार करायचं यंत्र ट्रकवर घालून आणलं. पडद्यामागे ते बसवताना त्याने एकदा यंत्राकडे आणि एकदा चिपेकडे पाहिलं. चिप त्याच्या अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी होती.

"लीना, हे अडीचशे गाईंचं दूध गार करतं," तो म्हणाला. "या नखाला एवढं?"

"नखाला नाही रे. फलकाला."

तालीम झाली. यंत्र घुं घुं करत राहिलं, चिप गार राहिली, चित्ता तीन मिनिटं बारा सेकंदांत पूर्ण झाला. व्हिटलॉकने विनच्या पाठीवर थाप मारली. पण त्याच्या मनात धाकधूक असावी, कारण समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो स्वतः तापघरात उतरला. गेल्या चार वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच आला होता. आधी चुकून शेजारच्या झाडलोटीच्या कोठीत शिरला, हे लीनाने दारातून पाहिलं.

तो तिथल्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, सगळ्यांनी मला ग्रेडनच म्हणायचं, आपण इथे एक कुटुंब आहोत. मग मुद्द्यावर आला. चिपेतला तो स्वतःला लगाम घालायचा प्रकार काढून ठेवता येतो, असं त्याने ऐकलं होतं. समजा पाण्याची नळी सुटली, समजा काही झालं, तर निदान ती मंदावू तरी नये.

"फक्त दहा मिनिटांसाठी काढ, इव्हलिन. कार्यक्रम संपला की परत लाव."

"इदलीना," लीना म्हणाली. "तो लगाम चिप जळू नये म्हणून आहे, मिस्टर व्हिटलॉक. तो काढल्यावर काही झालंच, तर तुम्हाला दहा मिनिटं लागणारच नाहीत."

"तू अडचणींचा विचार करतेस. मला उपायांचा विचार करणारी माणसं लागतात."

विन दाराशी उभा होता. लीनाने त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीवरच्या फरशा मोजत असल्यासारखा खाली बघत होता. पंचवीस वर्षांत तिने कितीतरी साहेब पाहिले होते, आणि त्यांतल्या कुणाशीही तिचं भांडण झालं नव्हतं. आताही आवाज न चढवता तिने वही पुढे ओढली, कोरं पान काढलं आणि पेन्सिल व्हिटलॉकसमोर ठेवली.

"लिहून द्या. मी, ग्रेडन व्हिटलॉक, हा लगाम काढायला सांगतो. खाली तारीख आणि सही. लगेच काढते."

व्हिटलॉक मनापासून हसला. त्याला लोकांच्या विनोदबुद्धीचं कौतुक होतं, असं तो म्हणाला, आणि उठला. पेन्सिलीला त्याने हात लावला नाही. लगाम जागच्या जागी राहिला.

समारंभाच्या सकाळी सभागृह भरलं. लीना पडद्याआड शीतयंत्राशेजारी उभी होती, हातात तापमापक, अमारो तिच्यामागे यंत्राच्या झडपेवर हात ठेवून. नव्या संगणकाला विक्रीविभागाने लालभडक, चकचकीत, कुठेही भोक नसलेलं कवच घातलं होतं. भोकांमुळे वेगवान दिसत नाही, असं कवच करणाऱ्याचं मत होतं. लीनाने आधीच्या आठवड्यात त्याबद्दल एक चिठ्ठी पाठवली होती. चिठ्ठीच्या उत्तरादाखल तिला कवचाचं रंगीत छायाचित्र आलं होतं.

पाच मिनिटं उरली असताना ध्वनियोजना बघणारा माणूस पडद्याआड धावत आला. यंत्राची घुंघुं ध्वनिक्षेपकात शिरत होती. पहिल्या रांगेतला एक व्यापारी शेजाऱ्याला विचारत होता, म्हणे, बाहेर कुणी गवत कापतंय का.

व्हिटलॉक आला. त्याच्या तोंडावर पावडर लावलेली होती.

"बंद करा हे," तो म्हणाला.

लीनाने सांगितलं की हे बंद केलं तर नव्वद सेकंद मिळतील, त्यापुढे नाही.

"मला भाषणाला एकच मिनिट लागतं," व्हिटलॉक म्हणाला. "भाषण झालं की चालू कर. टाळ्यांत ऐकू येणार नाही."

अमारोने लीनाकडे पाहिलं, लीनाने मान हलवली, आणि अडीचशे गाईंचं यंत्र गप्प झालं.

व्हिटलॉक उजेडात गेला. त्याच्यामागे मोठ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह, एक सोनेरी ससाणा, पंख पसरून गरगर फिरत होता. हा ससाणा चारची चिपच रंगवत होती; ती कल्पना व्हिटलॉकचीच. म्हणजे चिप रिकामी बसली नव्हती, भाषण चालू असताना ती पूर्ण दमाने राबत होती, चकचकीत लाल कवचाच्या आत, पंखा गरम हवा फिरवून फिरवून तिच्याच अंगावर टाकत असताना. लीनाने घड्याळ लावलं. पहिलं मिनिट संपलं तेव्हा व्हिटलॉक आपल्या बालपणीच्या पहिल्या सायकलीपर्यंत आला होता. तिसऱ्या मिनिटाला तो माणसाच्या वेगाच्या ओढीबद्दल बोलत होता. पाचव्याला घोडे आले, सातव्याला विमानं. तापमापकाचा आकडा त्र्याण्णव डिग्रीवर जाऊन चिकटला होता आणि पडद्यावरचा ससाणा थांबत थांबत फिरू लागला होता. मागे बसलेल्यांना तो विचार करतोय असं वाटलं असेल. अकराव्या मिनिटाला व्हिटलॉक थांबला, टाळ्या झाल्या, आणि अमारोने यंत्राचं बटण दाबलं.

यंत्र चालू झालं नाही. ते डेरीतलं यंत्र होतं. एकदा बंद केलं की दाब समतोल व्हायला त्याला वीस मिनिटं लागत. हे अमारोने तालमीच्या दिवशी विक्रीविभागाच्या तिघांना सांगितलं होतं, आणि आज बंद करताना व्हिटलॉकच्या पाठीलाही सांगितलं होतं, पण त्याच्या अंगावर कामाचे कपडे होते, म्हणून कुणी लिहून घेतलं नव्हतं.

"सुरू," व्हिटलॉक बाहेर ओरडला, आणि दोन्ही संगणकांवर चित्ता रंगू लागला.

पहिलं मिनिटभर कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या मिनिटाला डावीकडचा चित्ता पोटापर्यंत रंगला होता आणि उजवीकडचा अजून मानेतच होता. व्हिटलॉकने दोघांकडे पाठ करून बोलणं चालू ठेवलं होतं, त्यामुळे हे कळणाऱ्यांत तो शेवटचा ठरला. चार मिनिटांनी जुन्या संगणकावरचा चित्ता पूर्ण झाला. शेपटीच्या टोकाचा केससुद्धा. उजवीकडच्याला मागचे पाय नव्हते.

त्यानंतरची पंचावन्न सेकंदं लीनाला जन्मभर आठवली. सभागृहात तीनशे माणसं, आणि सगळी एका अर्धवट चित्त्याकडे बघत बसलेली. कुणी खोकलं नाही. व्हिटलॉकच्या कपाळावरून पावडरीचा एक ओघळ निघाला आणि भुवईपाशी अडला. हसू तिला मुळीच आलं नाही. तिला त्या चिपेची दया आली, आणि आपल्याच मनात आलेल्या त्या विचाराचं नवल वाटलं. कोंडलेली, घाबरलेली, पण जेवढं झेपतं तेवढं देत राहिलेली ती. अखेर चित्त्याला शेपूट आलं.

व्हिटलॉक सावरला. त्याबाबतीत तो खरोखर कसलेला होता. "पाहिलंत?" तो म्हणाला. "जुना संगणकही आमचाच आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी हॅलवर्डच जिंकली." मग लोक हसले, आणि दुसऱ्या दिवशी तीन वर्तमानपत्रांनी तेच वाक्य मथळ्यात घातलं.

तीन दिवसांनी चौकशी बसली. भाषण लांबलं, कवच बंद होतं, यंत्र बंद केलं, हे सगळं विचारात घेऊन समितीने निष्कर्ष काढला की मूळ कारण तापघराची नकारात्मक वृत्ती हे आहे. लीनाला बोलावलं. तिने वही उघडून फेब्रुवारीतलं पान वाचून दाखवलं, मग कवचाच्या चिठ्ठीची तारीख, मग त्या दुपारचं कोरं पान. कोरं पान कशाला दाखवतेस, असं समितीतल्या बाईने विचारलं.

"इथे सही व्हायची होती," लीना म्हणाली.

विन शेजारी बसला होता. त्याला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की लीनाचे आकडे सहसा बरोबर असतात. 'सहसा' हा शब्द ऐकून लीनाने वही मिटली.

तिला नव्वद दिवसांची सुधारणा योजना लावण्यात आली. दर शुक्रवारी तिने एक पान लिहून द्यायचं: या आठवड्यात माझी वृत्ती कशी सुधारली. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि चपला न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. अमारो सॉसेज आणि बटाटे परतत होता.

"त्यांनी तुला काढलं का?"

"नाही. मला सुधारणार आहेत."

त्याने आच कमी केली. मग तीच म्हणाली की राग येत असता तर बरं झालं असतं, लाज वाटतेय. कशाची, ते मात्र तिला सांगता येईना. तिने काही चुकीचं केलं नव्हतं, आणि पंचवीस वर्षं चुकीचं न करण्याला इतका कमी भाव आहे हे तिला सेहेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. अमारोने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाला, डेरीवाले हिशेबनीस शोधताहेत, तिथे गाई तरी खोटं बोलत नाहीत. लीनाने दोन दिवस त्यावर खरंच विचार केला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तापघरात गेली, कारण बाकावर एक चिप अर्धी मोजून ठेवलेली होती आणि तिला ते खुपत होतं.

शुक्रवारची पानं तिने नेमाने दिली. "या आठवड्यात वृत्ती: स्थिर," असं वर लिहायचं, आणि खाली त्या आठवड्यात मोजलेले आकडे. मनुष्यबळ विभागात ती पानं एका फायलीत लागत गेली. पण त्या आकड्यांत आता वेगळं काहीतरी होतं. लीनाने जुनीच चिप घेऊन उलटा प्रवास चालवला होता: ठोका कमी करायचा, आणि त्याबरोबर विजेचा दाबही उतरवत न्यायचा. तीन पॉइंट दोनऐवजी दोन पॉइंट सहा केलं, दाब त्या मानाने उतरवला, तर ऐंशी वॅटची चिप त्रेचाळीसवर आली. ठोका पाचव्या हिश्शाने कमी, उष्णता जवळपास निम्मी. तिने खाली साध्या बेरजेत लिहिलं: अशा दोन चिपा शेजारीशेजारी बसवल्या तर शहाऐंशी वॅट. चारची एक चिप एकशे पंचावन्न. काम दोघींचं मिळून जास्त, जर कामाचे दोन वाटे करता आले तर.

मनुष्यबळ विभागात हे कोणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. विनला कळलं. त्याने ती पानं मागवून घेतली, रविवारभर घरी बसून तपासली, आणि सोमवारी मुकाट्याने सहा नंबरच्या इमारतीत गेला. तिथे लॅपटॉपसाठी धीम्या चिपा करणारी एक टोळी बसायची. वेगवान लोक त्यांना जेवणाच्या टेबलावरही शेजारी घेत नसत. त्यांच्याकडे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर दोन चिपांचा आराखडा वर्षभर धूळ खात पडला होता. उरलेलं काम खोके बनवणाऱ्या व्यापाऱ्यांनी केलं. चारची चिप ज्यात बसेल असा खोका आम्हाला करता येत नाही, आणि खोक्याबरोबर अडीचशे गाई देणंही परवडणार नाही, असं डेरीच्या यंत्राची गोष्ट कानावर गेलेल्या त्यांच्यातल्या एकाने लिहून कळवलं. ते पत्र सगळ्या कंपनीत फिरलं.

ऑक्टोबरात चारची चिप रद्द झाली. महामार्गावरचा फलक एका मंगळवारी उतरवला. डिसेंबरात सगळ्या कंपनीची सभा झाली, त्याच सभागृहात, आणि व्हिटलॉक निळा शर्ट घालून उजेडात आला. निळा रंग गारव्याचा, हे तिसऱ्या रांगेतल्यांनाही समजावं म्हणून मागचा पडदाही निळा होता. वेगाच्या मागे धावणं ही जुन्या लोकांची चूक होती, तो म्हणाला. आपण कायम म्हणत आलो आहोत की गार राहणारा जिंकतो. मग पडद्यावर एक तक्ता आला: ऐंशी, त्रेचाळीस, शहाऐंशी, एकशे पंचावन्न. वर लिहिलं होतं, "ग्रेडनचा दृष्टिकोन". लीना मागून चौथ्या रांगेत होती. तिने आकडे तपासले. सगळे बरोबर उतरवले होते, याचं तिला समाधान वाटलं, आणि मग आपल्याला समाधान वाटलं याचा मनस्वी राग आला. हाच तो राग, जो मे महिन्यात यायला हवा होता.

सभा संपल्यावर ती सरळ रंगमंचापाशी गेली. व्हिटलॉकभोवती माणसं होती. तिने वाट पाहिली, आणि त्याचं लक्ष गेल्यावर म्हणाली, "मिस्टर व्हिटलॉक, तक्त्याखाली तारीख नाही. सोळा जुलै ते वीस ऑगस्ट, असं घाला. माझ्या सुधारणेतला काळ आहे तो."

भोवतालच्या दोघांतिघांना कळलं. व्हिटलॉकला कळलं की नाही, सांगता येत नाही. तो म्हणाला, "छान मुद्दा, इव्हलिन." वसंतात त्याला बढती मिळाली, आणि त्यानंतर वर्षभराने तो गाद्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत प्रमुख म्हणून गेला. तिथे तो शांत झोपेच्या वेगाबद्दल बोलतो, असं ऐकिवात आहे.

लीनाची सुधारणा योजना कुणीच बंद केली नाही, कारण ती लावणारी बाई नोकरी सोडून गेली होती. लीना ते पान आणखी दीड वर्ष दर शुक्रवारी देत राहिली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी विन तापघरात आला. लीना नवी दोन चिपांची पाटी बाकावर घट्ट करत होती. दुसऱ्या बाजूचा स्क्रू त्याने हातात घेतला.

"ची लीना, त्या दुपारी मी बोलायला हवं होतं. समितीसमोरही."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

त्याला बहुधा काही वेगळं ऐकायचं होतं. त्याने स्क्रू बसवला, तो तिरका गेला, परत काढला.

"आमच्या घरी वडील म्हणायचे, बोटीत उभं राहायचं नाही. उभा राहिलेला पहिला पाण्यात जातो."

"ते बोटीत ठीक होतं," लीना म्हणाली. तिने त्याच्या हातातला स्क्रू सरळ धरून दिला. "इथे आपण तळमजल्यावर आहोत, विन. याच्या खाली कुठे पडणार?"

तो हसला, पहिल्यांदाच असं मोकळं. मग त्याने सांगितलं की नवे लोक आता एका तुकड्यावर चार चिपा मागताहेत, पुढच्या वर्षी आठ, आणि कुणीतरी फलकाचा विचारही करतंय. सोमवारी वरच्या मजल्यावर बैठक आहे. लीनाने विचारलं, आठांची उष्णता किती होईल ते त्यांना कोण सांगणार.

"मी सांगतो," विन म्हणाला. "तुम्ही चला बरोबर. मी अडखळलो तर पायावर पाय द्या."

सोमवारी ती गेली. तो दोनदा अडखळला.